धुऱ्यावर प्रवाह शून्य

समीकरण तसं लहानच आहे.
केशवाहिनी म्हणजे एक सरळ नळी,
भोवती ऊतीचा दंडगोल.
रक्त एका टोकाने शिरतं, दुसऱ्याने निघतं,
वाटेत भिंतीतून प्राणवायू पाझरत जातो
आणि पेशी तो खातात ठरल्या दराने,
पंगतीत बसल्यासारख्या, मध्ये न उठता.

खरं कुठलीही केशवाहिनी सरळ नसते.
पण कुठून तरी सुरुवात करावी लागते.

हे मी लिहीत होते बेनोड्याला,
मामाच्या शेडमध्ये, ठिबकच्या काळ्या गुंडाळ्यांशेजारी.
या आठवड्यात लाइन रात्रीची, बारा ते आठ.
मोटार लावून सूर्यभान मामा आला,
डावा पाय जरा जपून टाकत,
अंगठ्याला पट्टी.
वरूडचे डॉक्टर म्हणालेत, बघू.

"काय लिहून रायली वं?"

सांगितलं. नळी, भिंत, पाझर.
तो हसला नाही. खुरपं उचललं,
आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

संत्र्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर
ड्रिपरखालची माती त्याने उभी कापली.
ओल दिसली, काळ्यात अजून काळी,
वर निमुळती, पोटात रुंद.
"भारी जमिनीत कांदा व्हते," तो म्हणाला,
"हलकीत गाजर.
पानी तेच. ड्रिपर तोच."

पारगम्यता, मी म्हणाले.
"अस्सन," तो म्हणाला.

मग मी त्याला ती जागा सांगितली
जी मला झोपू देत नव्हती:
नळीच्या शेवटच्या टोकाशी
आणि तरी नळीपासून सगळ्यात लांब.
तिथे माझं उत्तर शून्याच्या खाली जातं.
उणे प्राणवायू जगात नसतो,
म्हणून आम्ही तिथे रेघ मारतो
आणि लिहितो, मृत कोपरा.

तो बराच वेळ गप्प होता.
मग पुढे चालू लागला, टाच आधी टेकवत,
ओळीच्या शेवटपर्यंत.
तिथलं झाड बाकीच्यांपेक्षा बुटकं,
पानं पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या.
त्याने नळीचं टोपण काढलं.
आधी नुसती हवा,
मग गंजाच्या रंगाचा गाळ,
मग पाणी.
टोपण लावून तो म्हणाला,
"याले मी दोन ड्रिपर जास्त देल्ले हायेत.
मेलं म्हनाची घाई नाई करत आपन."

धुऱ्यापलीकडे चरप्यांची बाग.
माझ्या कागदावर तिथे अट लिहिलेली:
बाहेरच्या भिंतीवर प्रवाह शून्य.
म्हणजे शेजारी काही देत नाही, काही नेत नाही,
दोघांची तहान बरोबर मधोमध संपते.
मामाने धुरा खुरप्याने उकरला.
दोन्हीकडची मुळं एकमेकांत गुंतलेली,
कोणतं कोणाचं, बॅटरीतही कळेना.
"मुयाले धुरा नाई समजत."

शेडमध्ये परत आल्यावर मी नायलॉनचा दोरा काढला,
बोटांची जाणीव तपासतात तो.
डोळे मिट, म्हणाले. लागलं की हो म्हण.
टाच. "हो."
तळवा. "हो."
करंगळी. तो नुसता बसून.
दोरा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.
बाहेर मोटारीचा एकसुरी आवाज.
साखर जुनी झाली की ती भिंत जाड होते;
माझ्या फाइलीत त्यासाठी
एका अक्षरासमोर लहान आकडा घालायचा असतो, बस.

अंगठ्याच्या शेजारच्या बोटाकडे हात नेला
आणि अजून टेकवलाही नव्हता दोरा,
तर तो म्हणाला, "हो."

मी वहीत काही लिहिलं नाही.

पहाटे त्या अटीतलं शून्य खोडलं.
तिथे काय येईल ते अजून ठरलेलं नाही.
मामा मोटार बघायला गेला होता,
ओल्या मातीत त्याच्या चपलांचे ठसे,
उजवा पूर्ण,
डाव्याची फक्त टाच.